चष्म्याचं की डोळ्याचं

"गाडी कुठे लावलीत? एकदा बघून या बरं."

काकूंचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या बाईंना पार्किंगचं वेड आहे. लंडनच्या कडेला, पिनरमधल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात मी नुकतीच डोळे तपासायला लागले होते, आणि काकू तिथल्या काउंटरवर कित्येक वर्षं बसत होत्या. कुणी मुलगा भारतातून आलेल्या आईला घेऊन आला, कुणी सून सासऱ्यांना घेऊन आली, की काकू नाव लिहून घेत, खुर्ची दाखवत आणि चष्मा कपाळावर सरकवून त्या मुलाला किंवा सुनेला गाडी बघायला पाठवत. मागच्या कार पार्कमध्ये दंडाची पावती लावणारा वॉर्डन फिरतोय, असं सांगत. वॉर्डन खरंच फिरत असे, त्यामुळे कुणाला संशय येत नसे. उलट एकदोघांचा दंड वाचला म्हणून त्यांनी काकूंना मिठाई आणून दिली होती. काकूंनी ती निमूटपणे घेतली आणि आम्हा सगळ्यांना वाटली.

मुलगा दाराबाहेर पडला की काकू काउंटरमागून उठून त्या म्हाताऱ्या माणसाशेजारी येऊन बसत. थंडी सोसते का, जेवण जातं का, नातवंडं मराठी बोलतात का, असलं काहीबाही विचारत. डोळ्यांचं नाव काढत नसत. थोड्या वेळाने समोरचं माणूसच दाराकडे एकदा बघून घेई आणि आवाज खाली आणून सांगायला लागे.

आपल्या लोकांची ही रीत तुम्हीही पाहिली असेल. आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. विमानतळावरून घरी येतानाच गाडीत त्यांची शिकवणी होते. इथे डॉक्टरांसमोर जास्त बोलायचं नाही, जुनं काही काढायचं नाही, विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणायचं. एकदा एखादा शब्द कागदावर गेला की विम्यावाले तो धरून बसतात, अशी सगळ्यांची खात्री असते. आईवडिलांनाही ते सोयीचंच पडतं. मुलाच्या घरी आपण दुखणाईत म्हणून आलो, असं त्यांना वाटून घ्यायचं नसतं. मग आमच्याकडे येऊन मुलगा सांगतो, "आईला काही त्रास नाही, फक्त नंबर वाढलाय." आई त्याच्याकडे बघून मान हलवते, आणि ताकास तूर लागू देत नाही.

सांगलीकडचे एक निवृत्त हेडमास्तर आले होते. लेकीने सांगितलं, बाबांचं सगळं उत्तम आहे. लेक गाडी बघायला गेली तेव्हा मास्तरांनी काकूंना सांगितलं की हल्ली त्यांना रस्त्यात दोन-दोन बस दिसतात, आणि त्यातली खरी कुठली ते ठरवेपर्यंत दोन्ही निघून जातात. हे लेकीला कळलं असतं तर त्यांचं एकट्याने लायब्ररीत जाणं बंद झालं असतं. काकूंनी ते कुणाला सांगितलं नाही. माझ्या खोलीच्या दारातून डोकं आत घालून एवढंच म्हणाल्या, "जरा सावकाश बघ गं यांना."

ही त्यांची आणि माझी खूण होती. मी सावकाश बघत असे, आणि जे असेल ते मलाच तपासताना सापडलं, असं घरच्यांना वाटे. म्हाताऱ्यांची लाज राहत असे आणि काकूंवर कुणाचा विश्वास उडत नसे. काकू मला अगं-तुगं करत, मी त्यांना अहो-जाहो. नाव त्यांचं इथे लिहीत नाही. हॅरोपासून स्टॅनमोरपर्यंत त्यांना सगळे काकूच म्हणत, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

आता त्या विम्याबद्दल सांगितल्याशिवाय काकू तुम्हाला कळायच्या नाहीत. इथे डोळे तपासायचे दोन प्रकार आहेत. एक नेहमीचा: नंबर बघायचा, चष्मा करायचा. साठी उलटलेल्यांचा हा खर्च सरकार उचलतं, बाकीच्यांचा स्वतःचा खिसा किंवा ऑफिसने दिलेला कॅश प्लॅन, म्हणजे चष्म्या-दातांपुरता छोटा विमा. दुसरा प्रकार आजाराचा. डोळा लाल झाला, दुखायला लागला, चमका दिसायला लागल्या, की कॅश प्लॅन हात वर करतो. तिथे सरकारी हॉस्पिटल किंवा प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्स. त्या इन्शुरन्सला चष्म्याशी काही देणंघेणं नसतं, आणि आजार जुना आहे म्हटलं की तोही अंग काढून घेतो. राहता राहिले पाहुणे आलेले आईवडील. त्यांच्याकडे असतो तिकडून निघताना काढलेला प्रवासाचा विमा. तो फक्त अचानक उद्भवलेल्या गोष्टीला पैसे देतो. नेहमीची तपासणी त्यात बसत नाही, आणि आधीपासूनचं दुखणं तर मुळीच नाही.

हे सगळं सांगायचं काम काकूंचं. दिवसभर. त्या म्हणत, हे दोन विमे म्हणजे एका घरातल्या दोन जावा, एकमेकींशी बोलत नाहीत आणि निरोप मात्र मी पोचवायचे. माणूस दारातून आत आला की त्यांचा पहिला प्रश्न असे, "चष्म्याचं की डोळ्याचं?" गोऱ्या पेशंटना "स्पेक्स ऑर आइज, माय लव्ह?" लोकांना त्याचा राग येई. चष्मा डोळ्यावरच तर लावतात, असं एका गृहस्थांनी त्यांना ऐकवलं होतं. काकू म्हणाल्या, "मला माहितीये हो. पण त्यांना सांगा ना." आणि त्यांनी फोनचा रिसीव्हर त्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यात विमा कंपनीचं वाट बघायला लावणारं संगीत चालू होतं. ते गृहस्थ बिचारे बराच वेळ ते ऐकत उभे राहिले.

फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून, हाताने चष्मे पुसत, काकू ते संगीत गुणगुणत असत. कुठल्या कंपनीचं कुठलं, हे त्यांना पाठ होतं. शेजारी चहा ठेवलेला असे आणि तो गार झालेला असे. मी पाच-सहा वर्षांत त्यांना गरम चहा पिताना पाहिलं नाही. संध्याकाळी शटर ओढताना त्या म्हणत, "आज मी कुणाचं काही बघितलं नाही गं. फक्त कोण कशात बसत नाही ते सांगितलं." मग कोटाची बटणं लावत आणि बस स्टॉपकडे जात. नवरा इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी मँचेस्टरला. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, पण त्या रेंगाळत नसत.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीतही त्यांची सुटका नसे. शाळेच्या हॉलमध्ये ताट घेऊन रांगेत उभ्या राहिल्या की मागून कुणीतरी विचारायचं, काकू, मोतीबिंदू कशात येतो? इथेच जन्मलेली एक मुलगी तर एकदा स्टेजच्या पायऱ्यांवरूनच ओरडली होती, "काकू, माझा आजोबाचा डोळा लाल झाली आहे, इज दॅट कव्हर्ड?" काकू ताटातली पुरी तशीच धरून सगळ्यांना उत्तरं देत. कंटाळलेल्या असत, ते चेहऱ्यावर दिसे. पण कुणाला परत पाठवत नसत. लोक आपल्याला खरं सांगतात, एवढाच एक त्यांचा अभिमान होता असं मला वाटतं.

हिवाळा संपत आलेला होता. शनिवारी सकाळी स्टॅनमोरहून एक जण स्वतःचे डोळे तपासायला आला. लंडनच्या एका बँकेत नोकरी, चाळिशीच्या आतबाहेरचा. ऑफिसच्या प्लॅनचं वर्ष संपायच्या आत नंबर बघून घ्यायचा होता. बरोबर आई होती, नाशिकहून आलेली. तिला घरी एकटं ठेवायला नको, म्हणून आणलेली. ती आमची पेशंट नव्हतीच. तो माझ्या खोलीत आला आणि आई बाहेर कोटाची सगळी बटणं लावून बसून राहिली. त्या दिवशी काकूंना कुणाला गाडी बघायला पाठवावं लागलं नाही.

काकूंनी तिच्यासमोर टेबलावर चहा ठेवला. तिने कप घ्यायला हात पुढे केला आणि तो कपाच्या अलीकडेच टेकला. मग तिने मान खाली घालून, चेहरा वळवून कप शोधला. एवढंच झालं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं. त्या जाऊन शेजारी बसल्या. नाशिकच्या द्राक्षांवरून गप्पा सुरू झाल्या, आणि मग त्या आजींनी, म्हणजे त्याच्या आईने, माझ्या खोलीच्या दाराकडे बघितलं. उजव्या डोळ्याने त्यांना लहानपणापासून कमीच दिसत होतं. सगळी भिस्त डाव्यावर. त्या डाव्या डोळ्यात आधी चमका दिसायला लागल्या, आणि आता खालून पाणी चढावं तशी सावली चढत होती. निघण्याआधी नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतला पडदा पातळ झालाय, लेझर करून घ्या आणि मगच जा. तिकीट काढून झालं होतं. मुलाने विमा काढताना फोनवर विचारलं होतं, आई, डोळ्यांचं वगैरे काही आहे का? आजी नाही म्हणाल्या. आता हे निघालं तर विमा पैसे देणार नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण त्याच्याशी खोटं बोललो ते त्याला कळेल. थोड्याच दिवसांत परतीचं विमान होतं. तिकडे गेल्यावर बघता येईल, असं त्यांनी ठरवलं होतं.

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला," आजी काकूंना म्हणाल्या. "त्याला सांगू नकोस."

काकू उठून काउंटरवर गेल्या. कुणाचा तरी फोन आला, तो त्यांनी घेतला, कॉन्टॅक्ट लेन्स प्लॅनमध्ये बसत नाहीत असं सांगितलं. एकाचा चष्मा सैल झाला होता, त्याचे स्क्रू आवळून दिले. आणि मग माझ्या खोलीचं दार न वाजवता उघडलं.

मी अंधारात मुलाच्या डोळ्यासमोर भिंगं बदलत होते. पहिलं बरं की दुसरं, असं विचारणं चाललं होतं. काकू सरळ आत आल्या, तशा त्या कधी येत नसत.

"यांचं राहू दे. बाहेर यांच्या आई बसल्या आहेत, त्यांना आधी बघ. चष्म्याचं नाही. डोळ्याचं आहे."

मुलगा गोंधळला. "आईला काही प्रॉब्लेम नाहीये. मी कालच विचारलं तिला."

"मला सांगितलंय त्यांनी," काकू म्हणाल्या. "न सांगण्याची शपथ घालून सांगितलंय."

मी आजींच्या डोळ्यात औषध घालून बघितलं. वरच्या बाजूने पडदा सुटून खाली येत होता (डोळ्यात सगळं उलटं उमटतं, म्हणून त्यांना सावली खालून चढताना दिसत होती), पण मधला भाग अजून जागेवर होता. तो मधला भाग सुटला की माणसाचे चेहरे जातात, अक्षरं जातात. दिवसांची नव्हे, तासांची गोष्ट होती. मी हॉस्पिटलला फोन केला आणि ते दोघे तिथून थेट तिकडेच गेले. दारातून बाहेर पडताना आजींनी वळून काकूंकडे बघितलं. काकूंनी मान खाली घातली. त्यांना असं करताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि डोळा वाचला. इलाज थांबला नाही, बिल मागाहून आलं. विमा कंपनीने नाशिकचे कागद मागवले आणि दुखणं जुनं म्हणून पैसे नाकारले.

अर्धवट राहिलेली तपासणी पुरी करायला मुलगा काही दिवसांनी आला तेव्हा काकूंकडे न बघता आत शिरला. माझ्याशी मात्र बोलला. हॉस्पिटलमध्ये सर्जनने विचारलं होतं, यापूर्वी कुणा डॉक्टरला दाखवलं होतं का? आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे तो प्रश्न त्यालाच मराठीत विचारावा लागला, आणि आईने दिलेलं उत्तर त्यालाच इंग्रजीत सांगावं लागलं. "पैशांचं सोडा हो," तो म्हणाला. "विमा काढताना मी तिला एकेक प्रश्न वाचून दाखवला होता. मला का नाही सांगितलं? दुकानातल्या बाईला सांगितलं." भरलेल्या आवाजात नाही, थकलेल्या आवाजात बोलत होता. त्याचा राग नेमका कुणावर होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

काकूंनी त्याला नाशिकच्या डॉक्टरांबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. पण हॉस्पिटलमध्ये हा प्रश्न विचारणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसं त्या मला म्हणाल्याही.

गावभर व्हायला काय वेळ लागतो. मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला तीच गोष्ट भलत्याच वळणाने सांगितली जात होती: काकूंनी जुन्या आजाराचं फोडलं म्हणून त्या लोकांचा क्लेम गेला. त्या दिवशी काकू ताट घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि मागून कुणी काही विचारलं नाही. त्यांची पुरी गरमच राहिली. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला की मी जेवण अर्धं टाकून घरी गेले.

दुकानातही तेच. मुलगा गाडी बघायला जाई, काकू शेजारी येऊन बसत, आणि म्हातारं माणूस भिंतीवरचं फ्रेमचं पोस्टर बघत म्हणे, सगळं छान आहे. नातवंडं छान, जेवण छान, थंडीसुद्धा छान. काकू थोडा वेळ बसत आणि परत काउंटरमागे जात. मग एक दिवस त्यांनी कुणाला बाहेर पाठवणंच सोडलं.

मी विचारलं तर म्हणाल्या, "आता मी नुसती रिसेप्शनिस्ट झाले."

पस्तावा होतो का, हेही मी एकदा धीर करून विचारलं. त्या चष्म्यांचा ड्रॉवर आवरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "शपथ मोडली की काय होतं माहितीये? काही होत नाही. माणसं आपल्याला सांगायची थांबतात, एवढंच." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण आमचं नातं तसं नव्हतं, आणि फोन वाजायला लागला होता.

त्यानंतर लवकरच त्यांनी नोकरी सोडली. मँचेस्टरला मुलीचं बाळ लहान होतं, तिलाही कुणीतरी हवं होतं, असं त्यांनी कारण दिलं. कारण खरंच होतं. मालकांनी केक आणला, दोन वाक्यं बोलले. काकूंनी केक कापला, सगळ्यांना दिला आणि जाताना आपला कप धुऊन पिशवीत टाकला.

त्या गेल्यानंतरच्याच आठवड्यात नाशिकच्या आजी आल्या. ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा फुगा सोडला होता. तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद, म्हणून त्यांचं जाणं लांबलं होतं. आता तिकीट मिळालं होतं. सून शेजारच्या दुकानात भाजी घेत होती. आजी काउंटरपाशी उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "ती बाई कुठंय?"

मी सांगितलं, त्या मँचेस्टरला गेल्या.

"म्हणजे येणार नाही?"

"नाही."

त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "तिला सांगायचं होतं मला. मला दिसतंय."

मी म्हटलं, सांगते.

"मुलगा बोलत नाही माझ्याशी," आजी म्हणाल्या. "मी जेवले का, ते सुनेला विचारतो. पण डोळ्यात औषध तोच घालतो. तिला घालू देत नाही. त्यासाठी ऑफिसातून वेळेवर येतो. एका हाताने हनुवटी धरतो, थेंब सोडतो, आणि तो आत जाईपर्यंत हनुवटी सोडत नाही. एवढ्या जवळून मी त्याला तो लहान असतानाच बघितलं होतं."

तेवढ्यात सून आली आणि त्या उठल्या.

त्याच संध्याकाळी मी काकूंना फोन केला. त्या ट्रामच्या स्टॉपवर उभ्या होत्या, मागून बाळाचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, आजी बोलल्या तसंच. मुलगा अजून बोलत नाही, हेही सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "हनुवटी धरतो म्हणाल्या?"

"हो."

"मग बोलेल," काकू म्हणाल्या. आणि त्यांची ट्राम आली.